जपानच्या समाधिटेकड्या आणि आमच्या बरडावरची शिलावर्तुळे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानमधील साकाई शहरातल्या दाइसेन या प्राचीन समाधिटेकडीविषयी आलेला लेख वाचला. इजिप्तच्या पिरॅमिडांवर मराठीत पुष्कळ लिहिले जाते, पण जपानमधील ‘कोफुन’ म्हणजे प्राचीन समाधिटेकड्यांची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते. त्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार. तथापि त्या लेखातील दोन विधानांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ही समाधी सम्राट निन्तोकू याचीच आहे, असे लेखकाने निःसंदिग्धपणे म्हटले आहे. पुढे, जपानी माणूस मुळातच पूर्वजांविषयी श्रद्धाळू असल्यामुळे या टेकड्या दीड हजार वर्षे जशाच्या तशा राहिल्या असे सांगून, शेवटी आपल्या खेड्यांतील लोकांच्या अनास्थेवर त्यांनी शेरा मारला आहे. यांपैकी पहिले विधान सिद्ध झालेले नाही आणि दुसरे वस्तुस्थितीला धरून नाही. मी कळमेश्वर तालुक्यातील एका खेड्यात राहणारा इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागातील बरडावर लोहयुगातील शिलावर्तुळे, म्हणजे मोठ्या गोट्यांच्या वर्तुळांची दफनस्थाने आहेत, आणि त्यांच्या भवितव्याशी या दुसऱ्या विधानाचा जवळचा संबंध येतो.

दाइसेनविषयी लेखात दिलेली मोजमापे बरोबर आहेत. टेकडीची लांबी ४८६ मीटर, उंची सुमारे ३५ मीटर, भोवती तीन खंदक, आणि आकार मागे गोल व पुढे चौकोनी, म्हणजे वरून पाहिल्यास कुलपाच्या छिद्रासारखा. खंदकाच्या पाण्याखाली गेलेला पायथा अलीकडे मोजण्यात आला तेव्हा मूळ लांबी ५२५ मीटरच्या आसपास असावी असे दिसून आले, एवढीच त्यात भर घालता येईल. ओबायाशी या जपानी बांधकाम कंपनीने १९८५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, जुन्या पद्धतीची अवजारे वापरून रोज जास्तीत जास्त दोन हजार माणसे कामावर ठेवली असती, तरी ही टेकडी पुरी व्हायला १५ वर्षे ८ महिने लागले असते आणि माणसांचे एकूण ६८ लाखांहून अधिक दिवस खर्ची पडले असते. रोजगार हमीच्या कामावर मातीची ब्रास मोजून पाहिलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र लेखकाने सारा भर जगातील सर्वांत मोठी समाधी कोणती या स्पर्धेवर दिला आहे, आणि या टेकड्यांचे खरे ऐतिहासिक महत्त्व त्या गडबडीत बाजूला राहिले आहे.

हे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातले लिखित असे काय उपलब्ध आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तिसऱ्या शतकातील जपानविषयी चिनी ग्रंथांत माहिती सापडते. हिमिको नावाच्या राणीने २३९ मध्ये चीनच्या वेई दरबारात दूत पाठवले आणि तिच्या मृत्यूनंतर मोठी समाधी रचण्यात आली, अशी नोंद त्यांत आहे. नारा परिसरातील साकुराई येथील हाशिहाका ही सुमारे २८० मीटर लांबीची, आरंभीच्या मोठ्या टेकड्यांपैकी एक असलेली टेकडी हिमिकोचीच असावी असे काही अभ्यासक मानतात, परंतु त्यावर एकमत झालेले नाही. पुढे २६६ नंतर थेट ४१३ पर्यंत चिनी नोंदींत जपानचा उल्लेखच येत नाही. जपानचे स्वतःचे इतिहासग्रंथ ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ हे तर ७१२ आणि ७२० मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ज्या काळात विखुरलेल्या टोळीप्रमुखांमधून एक मोठी सत्ता आकाराला येत होती, नेमका त्याच काळाचा कागद कोरा आहे. आपल्या विदर्भाशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येतो. याच शतकांमध्ये आपल्याकडे वाकाटकांचे राज्य होते आणि नंदिवर्धन, म्हणजे आजच्या रामटेकजवळचे नगरधन, ही त्यांची एक राजधानी होती. प्रभावतीगुप्ता या राणीने कोणाला कोणती जमीन दिली, तिचे माहेर कोणते आणि सासर कोणते, हे तिच्या ताम्रपटांवरून आपण आज वाचू शकतो. जपानमधील चौथ्या शतकाच्या अभ्यासकाजवळ असा एकही ताम्रपट नाही. त्याच्याजवळ आहेत त्या मातीच्या टेकड्या.

आणि त्या टेकड्या पुष्कळ काही सांगतात. जपानभर लहानमोठ्या मिळून दीड लाखाहून अधिक समाधिटेकड्यांची नोंद आहे, आणि त्यांत मागे गोल व पुढे चौकोनी अशा घडणीच्या साडेचार हजारांहून अधिक आहेत. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून हा नमुना नारा परिसरात दिसू लागतो आणि नंतर नैर्ऋत्येकडील क्युशू बेटापासून ईशान्येकडील तोहोकूपर्यंत पसरतो. इतक्या दूरच्या प्रदेशांतील प्रमुखांनी एकाच घडणीची समाधी स्वीकारणे, टेकडीच्या उतारावर दगडी फरसबंदी करणे आणि काठावर ‘हानिवा’ या भाजलेल्या मातीच्या नळकांड्यांच्या रांगा रोवणे, यावरून यामातो, म्हणजे नारा परिसर, येथील सत्तेशी त्यांचे नाते जुळलेले होते असा निष्कर्ष अभ्यासक काढतात. कोणाला किती मोठी टेकडी रचण्याचा मान होता, यातही एक उतरंड दिसते. दाइसेनवर अशा सुमारे तीस हजार हानिवा असाव्यात असा अंदाज आहे. कालांतराने या नळकांड्यांच्या जोडीला घरे, पाणपक्षी, चिलखत घातलेले योद्धे आणि खोगीर चढवलेले घोडे अशा आकृती आल्या. घोडा हा प्राणी तेथे कोरियन द्वीपकल्पातून चौथ्या-पाचव्या शतकात आला, आणि त्याच सुमारास समाध्यांमधून लोखंडी शस्त्रे, चिलखते व घोड्याचा साज मोठ्या प्रमाणावर मिळू लागतो. राज्य कसे उभे राहिले, कोणाच्या जोरावर आणि कोठून आलेल्या लोखंडावर, याचा पुरावा असा जमिनीत आहे.

आता दाइसेन कोणाची, या प्रश्नाकडे येतो. निन्तोकूची जुनी कथा मोठी हृद्य आहे. उंचावरून पाहताना रयतेच्या घरांतून चुलीचा धूर निघत नाही हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने तीन वर्षे कर माफ केला आणि स्वतःच्या महालाचे गळके छप्परही शाकारू दिले नाही, असे ती सांगते. दुष्काळ आणि सारामाफी यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असलेल्या विदर्भातील वाचकाला असा राजा आवडणे साहजिक आहे. परंतु कथा हृद्य असली म्हणून समाधी त्याची ठरत नाही. ‘निहोन शोकी’ या ग्रंथाप्रमाणे निन्तोकूचा काळ ३१३ ते ३९९ असा येतो, तर दाइसेनची टेकडी हानिवांच्या घडणीवरून पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ठेवली जाते. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, निन्तोकूचा मुलगा रिचू याची म्हणून जी ३६५ मीटर लांबीची टेकडी जवळच दाखवली जाते, ती पुरातत्त्वीय पुराव्यानुसार दाइसेनपेक्षा जुनी आहे. मुलाची समाधी बापाच्या समाधीआधी बांधली गेली असे मानायचे नसेल, तर दोहोंपैकी किमान एक फलक चुकीच्या जागी लावलेला आहे हे मान्य करावे लागते. या कारणास्तव मोरी कोइची यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी सम्राटांची नावे न वापरता स्थानिक नावांनीच या टेकड्या ओळखाव्यात असा आग्रह धरला, आणि दाइसेन हे नाव अभ्यासकांत रूढ झाले ते त्यामुळेच.

हा प्रश्न खणून सोडवता येईल असे वाटते, पण तसे होत नाही. सम्राटांच्या म्हणून नेमून दिलेल्या समाध्या राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या ताब्यात आहेत, आणि तेथे आजही पूजास्थान म्हणून पावित्र्य पाळले जात असल्याचे कारण देऊन उत्खननास परवानगी दिली जात नाही. १८७२ मध्ये दाइसेनच्या पुढच्या भागातील दगडी कोठडी उघडी पडली होती, तेव्हा आतील मोठ्या दगडी पेटीची आणि सोनेरी मुलामा दिलेल्या चिलखताची चित्रे काढून घेण्यात आली आणि ती जागा पुन्हा बुजवण्यात आली. अभ्यासकांच्या संघटनांनी दीर्घकाळ मागणी केल्यानंतर २००८ पासून काही समाध्यांच्या कडेकडेने मर्यादित पाहणी करू देण्यास सुरुवात झाली आणि २०१८ मध्ये साकाई महापालिकेच्या सहभागाने दाइसेनच्या खंदकाच्या बांधावर लहानसे उत्खनन झाले. त्यात दगडांची फरसबंदी आणि हानिवांची रांग मिळाली. श्रद्धेने टेकडी राखली हे या एका प्रकारच्या समाध्यांपुरते खरे आहे, परंतु त्याच श्रद्धेने तिचा इतिहासही कुलूपबंद ठेवला आहे, हे लेखकाने सांगावयास हवे होते.

याच्या उलट उदाहरण इनारियामाचे आहे, आणि माझ्या मते जपानी समाध्यांचे महत्त्व कोणाला थोडक्यात सांगायचे असेल तर दाइसेन बाजूला ठेवून याच टेकडीची गोष्ट सांगावी. साइतामा प्रांतातील ग्योदा येथील ही टेकडी १२० मीटर लांबीची, म्हणजे दाइसेनच्या पाव भागाइतकी. ती कोणा सम्राटाच्या नावावर नव्हती, त्यामुळे तेथे खणता आले. १९६८ च्या उत्खननात सुमारे ७३ सेंटीमीटर लांबीची एक लोखंडी तलवार मिळाली. गंजलेल्या लोखंडाची ती पट्टी दहा वर्षे इतर वस्तूंप्रमाणेच जतन करून ठेवलेली होती. १९७८ मध्ये गंज थांबवण्याची प्रक्रिया करताना क्ष-किरणांनी तिची तपासणी झाली आणि गंजाखाली सोन्याच्या तारेने कोरून भरलेली अक्षरे दिसली. दोन्ही बाजू मिळून ती ११५ अक्षरे आहेत. ओवाके नावाच्या एका सरदाराने आपल्या घराण्यातील आठ पिढ्यांची नावे तीत दिली आहेत, आपले घराणे तलवारधारी रक्षकांचे प्रमुखपद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आल्याचे म्हटले आहे, आणि महाराज वाकाताकेरू याच्या दरबारात आपण राज्यकारभारास साहाय्य केल्याचे नमूद केले आहे. त्यावरील संवत्सर बहुतेक अभ्यासक ४७१ हे वर्ष मानतात.

या एका तलवारीने किती गाठी सुटल्या हे पाहण्यासारखे आहे. वाकाताकेरू हे नंतरच्या ग्रंथांतील सम्राट युर्याकू याचे नाव, म्हणजे त्या ग्रंथांतील निदान एका राजाला त्याच्या हयातीतला पुरावा मिळाला. चिनी नोंदींत ‘बू’ नावाच्या जपानी राजाने ४७८ मध्ये पाठवलेले पत्र आहे, ज्यात आपल्या पूर्वजांनी पूर्वेकडील ५५ आणि पश्चिमेकडील ६६ देश जिंकल्याची बढाई आहे. हा बू म्हणजेच वाकाताकेरू, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि क्युशू बेटावरील एता-फुनायामा या समाधीत १८७३ मध्ये सापडलेल्या चांदीच्या अक्षरांच्या तलवारीवरील राजाचे पुसट नाव, जे पूर्वी दुसऱ्याच राजाचे म्हणून वाचले जात होते, तेही आता वाकाताकेरू असेच वाचले जाते. एक तलवार पूर्वेकडील कांतो मैदानातली, दुसरी नैर्ऋत्येकडची, आणि दोहोंवर एकच राजा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात यामातोच्या सत्तेचा हात कोठवर पोचला होता, हे यावरून कळले.

पण या इनारियामाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडलेली आहे, जी त्या लेखातील श्रद्धेच्या सिद्धान्तात बसत नाही. १९३७ मध्ये आसपासची दलदल भरून काढण्याच्या कामासाठी या टेकडीचा पुढचा चौकोनी भाग मातीसाठी तोडून नेण्यात आला होता. आज तेथे जो पूर्ण आकार दिसतो त्यातील पुढचा भाग नंतर पुन्हा रचलेला आहे. आपल्या जिल्ह्यांत रस्त्याच्या भरावासाठी मुरूम जातो तशीच ती माती गेली. ती तलवार ज्या भागात होती तो मागचा गोल भाग वाचला, एवढेच. साकाईमध्येही निराळे काही घडले नाही. मोझू भागात पूर्वी शंभराहून अधिक टेकड्या होत्या, त्यांतील ४४ उरल्या आहेत. बाकीच्या शेती, माती आणि घरबांधणी यांच्या पोटात गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई असताना १६८ मीटर लांबीची मोझू-ओत्सुकायामा ही टेकडीसुद्धा सपाट झाली. म्हणजे पूर्वजांच्या समाधीवर फावडे चालवण्यात जपानी माणूस आमच्या गावच्या ठेकेदाराहून काही मागे नव्हता.

त्यानंतर पाळी आली इतासुके या सुमारे १४६ मीटर लांबीच्या टेकडीची. १९५५ मध्ये तेथे वसाहत करण्याचे ठरले आणि माती वाहून नेण्यासाठी खंदकावर पूलही बांधण्यात आला. तेव्हा साकाईचे रहिवासी आणि तरुण संशोधक एकत्र आले, त्यांनी वर्तमानपत्रांतून आणि सभांतून प्रश्न लावून धरला, आणि पुढच्याच वर्षी टेकडीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्या पुलाचे अवशेष आजही खंदकात उभे आहेत. २०१९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झालेल्या ४९ समाध्यांत इतासुकेही आहे. तिला ना राजघराण्याच्या खात्याचे कुंपण होते ना कोणा सम्राटाचे नाव. ती वाचली ती शहरातील सामान्य माणसांनी वेळेवर आरडाओरडा केल्यामुळे. मोठ्या टेकड्यांच्या खंदकांचे पाणी जुन्या काळी आसपासच्या भातशेतीला दिले जात असे, हाही त्यांच्या टिकण्याचा एक भाग आहे. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्या कारणाने टिकले तेच हे कारण, आणि त्यात पूर्वजपूजेचा संबंध थोडाच येतो.

आता आमच्या शिवाराकडे वळतो. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, बोरगाव, नैकुंड आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा या ठिकाणी मोठमोठ्या गोट्यांची वर्तुळे आहेत. ही सुमारे इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातील दफनस्थाने आहेत, म्हणजे दाइसेनहून हजार वर्षे किंवा त्याहून अधिक जुनी. जुनापाणीची वर्तुळे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने खणून पाहिली आणि दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची नोंद केली. पुढे पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ पासून टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड येथे उत्खनने झाली. माहुरझरीला माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि घोड्याच्या मस्तकावर चढवण्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. जपानच्या पाचव्या शतकातील प्रमुखाला जो घोडा आणि जे लोखंड समुद्रापलीकडून आणावे लागत होते, ते दोन्ही विदर्भातील माणसाजवळ त्याच्या कितीतरी शतके आधी होते, आणि लोखंड तर तो येथेच गाळत होता. हे मी अभिमान मिरवण्यासाठी लिहीत नाही. दोन्हीकडचा पुरावा एकाच प्रकारचा आहे, म्हणजे ज्या समाजाने स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही त्याची हकिगत केवळ दफनातून कळते, आणि तीही दफन जागेवर असेपर्यंतच.

आमच्याकडे ही वर्तुळे गवळी राजांची म्हणून सांगितली जातात. नांगरटीस नकोशा अशा बरडावर ती असल्यामुळे इतकी वर्षे टिकली. गेल्या काही वर्षांत मात्र याच बरडाला भाव आला आहे, कारण मुरूम तेथेच निघतो. आमच्या भागातील एका रस्त्याच्या कामासाठी अशा जागेचा मुरूम उचलला गेला तेव्हा काही वर्तुळांचे गोटे धुऱ्यावर लोटलेले मी पाहिले आणि मधली भर टिप्परमधून निघून गेलेली होती. त्या भरीत गंजलेल्या लोखंडाचा एखादा तुकडा असेल, तर तो कोणाच्या नजरेला पडला नसेल, आणि पडला असला तरी त्याने तो फेकून दिला असेल. इनारियामाची तलवारही प्रथम अशीच दिसत होती.

यात शेतकऱ्याला दोष देण्याची आपल्या लेखकाची घाई मला मान्य नाही. जुनापाणीसारखी मोजकी स्थळे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. ज्याची सारी जमीन चार-पाच एकर आहे, तो आपल्या सातबाऱ्यावरील वर्तुळाची माहिती आपणहून देईल ही अपेक्षा अवास्तव आहे. माहिती दिली की जमीन अडकते, हीच समजूत गावोगाव आहे. म्हणून सगळीच वर्तुळे संरक्षित घोषित करा, अशी मागणी मी करीत नाही.

जपानकडून घेण्यासारखे आहे ते वेगळेच आहे. तेथे १९५० च्या सांस्कृतिक संपदा कायद्याखाली जमिनीत पुरातन अवशेष असल्याची नोंद असलेली चार लाखांहून अधिक स्थळे नकाशावर दाखवलेली आहेत. अशा जागी कोणालाही काम करायचे असेल तर ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते. काम बहुधा थांबत नाही. परंतु त्याआधी स्थानिक संस्थेचे पुरातत्त्व कर्मचारी येऊन पाहतात, मोजतात, गरज असेल तर खणून नोंद करतात, आणि मग जागा मोकळी होते. बहुसंख्य टेकड्यांच्या बाबतीत जपानला उपयोगी पडली ती ही नोंदवही आणि ही आगाऊ सूचना.

आपल्या जिल्ह्यात हे करायला नवा कायदा लागत नाही. मुरूम काढण्यासाठी गौण खनिजाचा परवाना तहसील कार्यालयातून घ्यावाच लागतो. त्या अर्जासोबत जागेवर शिलावर्तुळे आहेत की नाहीत याचा तलाठी आणि ग्रामपंचायत यांचा पाहणी अहवाल जोडणे बंधनकारक करावे, आणि असल्यास राज्य पुरातत्त्व विभागाला ठरावीक मुदतीत नोंद करण्याची संधी द्यावी. ग्रामसभेने आपल्या शिवारातील वर्तुळांची गट क्रमांकासह यादी करून ठरावाद्वारे ती तालुक्याला पाठवावी. आमच्या गावच्या शाळेतील मुलांना पुढच्या हिवाळ्यात हे काम मी स्वतः शिकवणार आहे. आपल्या दैनिकाचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यांत आहेत. दाइसेनच्या लेखाला आपण जेवढी जागा दिली, तेवढीच जागा या जिल्ह्यातील नोंद न झालेल्या वर्तुळांच्या यादीसाठी आपण द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
तालुका कळमेश्वर, जिल्हा नागपूर